नव्या आवृत्तीत एकच खुर्ची

अंकासाठी लिहा असं सांगायला माणूस आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. नववीत शाळा सुटलेल्या बाईनं दिवाळी अंकात काय लिहायचं? ते म्हणाले, "रोज काय करता तेवढंच लिहा." पण रोज मी काय करते हे माझ्या आईलाही मला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती फोनवर विचारते, "कॉम्प्युटरवर बसतीस म्हंजे बँकेत का गं?" मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. किनवटच्या पुढे जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथे लोखंड म्हणजे विळा आणि कुऱ्हाड. नाशिकला बसून त्यापलीकडचं लोखंड फोनवर समजावणं मला जमत नाही.

तर आधी काम सांगते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. आमचा म्हणजे नानांचा, पण इतकी वर्षं काढल्यावर तोंडात आमचाच येतं. तिथे पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग कापून तयार होतात. कापणाऱ्या मशीनला स्वतःचं डोकं नसतं. कटरनं कुठून शिरायचं, किती खोल जायचं, कुठे वर उचलायचं, हे त्याला ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. त्या ओळी इतक्या असतात की हातानं लिहिणं शक्य नाही, म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. गिऱ्हाइकानं पाठवलेलं ड्रॉइंग त्यात उघडायचं, कटरची वाट ठरवायची, मग ते मशीनला कळेल असा प्रोग्राम लिहून देतं. ती वाट ठरवणं हे माझं काम. वाट चुकली तर कटर मोडतो, माल भंगारात जातो, कधी मशीनच दुखावतं. माझ्या हाताला धातू लागत नाही, पण माझी चूक झाली तर आवाज सगळ्या शेडला ऐकू येतो.

मी सुरुवातीला कारखान्यात लागले ती कानस घेऊन. नवरा टेम्पो चालवायचा, सिडकोत एक खोली, ओळखीचं कुणी नाही. कापलेल्या भागाच्या कडेला पत्र्यासारखी धारदार किनार राहते, तिला बर म्हणतात. ती घासून काढायला आम्ही चार बाया होतो. प्रोग्रामिंगला भालेराव सर. डिप्लोमा झालेले, नाशिक रोडहून स्कूटरवर यायचे, माळ्यावरच्या काचेच्या खोलीत कानात कापूस घालून बसायचे. मशीनचा आवाज त्यांना अजिबात सोसत नसे.

एकदा ते खाली आले असताना मी धीर करून म्हटलं, "सर, ह्या भागाची हीच बाजू रोज जास्त घासावी लागती. दुसरी नाही."

"कुठली?"

मी दाखवली. त्यांनी तो भाग हातात फिरवला आणि मला वर घेऊन गेले. कटर नेमका त्या बाजूनं बाहेर पडत होता. त्यांनी वाट उलटी केली, आणि दुसऱ्या दिवशी ती बाजू गुळगुळीत आली. मला वाटलं आता माझं घासायचं काम कमी झालं म्हणून पगार कापतील. सर म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत वर येऊन बसत जा." तिथून मी वरची झाले. ह्याची परतफेड होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

इंग्रजी मी अक्षर लावून वाचते, अर्थ लागत नाही. म्हणून सॉफ्टवेअरची बटणं मी चित्रावरून आणि जागेवरून शिकले. गोगलगाईसारखं चित्र म्हणजे खळगा कोरायचा, पायऱ्यांचं चित्र म्हणजे थराथरानं उतरायचं. स्वयंपाकघरात दिवे गेले तरी मिठाचा डबा सापडतो, तसं माझं झालं होतं. पण ते एकाच स्वयंपाकघरात. दुसऱ्या कुणी डबे हलवले असते तर मी पुन्हा नववी नापासच.

आणि डबे हलवायला दरवर्षी एक माणूस यायचा. सॉफ्टवेअर विकणाऱ्या एजन्सीचा अमेय, पुण्याहून, दिवाळीच्या आधी. तरुण, गोड बोलणारा, मनानं चांगला. ह्या धंद्यातली किंमत कशी असते ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. सॉफ्टवेअर एकदा घेतलं की ती आवृत्ती तुमची. पण दरवर्षी नवी आवृत्ती निघते. ती हवी तर वार्षिक हप्ता भरायचा, त्याला एएमसी म्हणतात. हप्ता थांबवलात तर जुनी आवृत्ती चालत राहते, मात्र अडलं तर कुणी येत नाही, आणि पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर चुकलेल्या वर्षांचेही पैसे मोजावे लागतात. नानांनी हप्ता कधीच सोडून दिला होता.

"साहेब, नवीन काय हाय त्यात?" नाना विचारायचे.

"नाना, जादा धातू काढायचं जाडं काम निम्म्या वेळात होतं."

"मग उरलेल्या वेळात मशीनपुढं भजन करू का?"

नानांचे भाऊ मखमलाबादला टोमॅटो करतात आणि कॅरेटनं, म्हणजे पेटीपेटीनं, विकतात. नाना कुठलीही किंमत ऐकली की आधी विचारत, "म्हंजे किती कॅरेट?" बाजार चढा असला की अपग्रेड त्यांना परवडण्यासारखं वाटे, भाव पडले की तेच लय महाग. अमेय पुढे पुढे बाजारभाव बघूनच यायला लागला. तरी नाना काही घेत नसत. तो गेला की मला हायसं वाटायचं.

जुन्या आवृत्तीचा त्रास नव्हता असं नाही. गिऱ्हाइकं स्वतःची सॉफ्टवेअरं बदलत होती. त्यांच्या फाईली आमच्याकडे उघडत नसत. 'जुन्या पद्धतीनं पाठवा' म्हणून सर फोनवर अजिजी करत. काही पाठवत. काही पुन्हा फोन उचलत नसत.

आमच्याकडे कॉम्प्युटर दोन, माणसं दोन, पण लायसन एकच. ते एका डोंगलमध्ये होतं. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी लहान चावी. ज्या कॉम्प्युटरला लावाल त्यावर सॉफ्टवेअर चालतं. सकाळी सरांकडे, जेवणानंतर माझ्याकडे. आणि सरांचा एक नियम होता: चावी देण्याआधी समोरच्याला शेजारी बसवून आपलं काम दाखवायचं. त्यांनी केलेलं मी बघायचं, मी केलेलं त्यांनी. पहिल्यांदा मी म्हटलं, "मी तुमचं काय बघणार सर?" ते म्हणाले, "आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. पाहुण्याला येतो." वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचे पाहुणे होतो. मशीनला धक्का न बसण्याचं कारण ते होतं, सॉफ्टवेअर नव्हे, असं मला आज वाटतं.

मग तो दसरा आला. दसऱ्याला कारखान्यात अवजारांची पूजा असते. मशीनला झेंडूच्या माळा, पाटावर कटर, मायक्रोमीटर, पाने. सर त्या दिवशी नसत. घरच्यांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याला बुद्धवंदनेला जात. डोंगल त्यांच्या टेबलावर डबीत असायचं. पूजा नानांच्या घरच्या, आमच्या वहिनी करतात. त्या वर्षी वहिनींनी विचारलं, "ह्या सगळ्यात मोलाचं काय?" नानांनी डबी आणून दिली. "हे बोटाएवढं. ह्याच्याशिवाय सगळं बंद."

सगळ्यात मोलाचं म्हणून वहिनींनी त्याला सगळ्यात आधी आंघोळ घातली. शस्त्र धुऊन पुजायचं, अशी त्यांच्या माहेरची रीत. दूध-पाणी वाहिलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं. आम्ही बाया बाजूला हात जोडून उभ्या होतो. पाण्यानं ते बिघडेल, हे कुणाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी ते कॉम्प्युटरला लावलं, दिवा एकदा लुकलुकला आणि गेला.

नानांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिलं, फोन भिजला की ठेवतात तसं. वहिनी रोज येऊन विचारायच्या, "हळदीनं झालं का हो?" त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"तू काय वाईट केलंस? देव समजून धुतलंस," नाना म्हणाले. "पुढच्या साली फक्त फूल वाहू."

शेडमध्ये तेव्हा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पंपांची ओतीव कवचं येऊन पडली होती. माल त्यांचा, दिवाळीनंतर तयार करून द्यायचा शब्द नानांचा. अमेयला बोलावलं. त्यानं खरं ते सांगितलं. इतक्या जुन्या आवृत्तीचं डोंगल आता बदलून मिळत नाही. अपग्रेडच घ्यावं लागेल, मागचे हप्ते धरून. त्यातले थोडे तो कमी करून आणील. आणि नव्या आवृत्तीला डोंगलच नसतं. लायसन माणसाच्या नावावर असतं. ज्याचं नाव, त्यानंच बसायचं.

"आन् दोन नावं?" नानांनी विचारलं.

"मग दोन लायसनं, नाना."

त्या वेळी नानांनी कॅरेट विचारलं नाही. काचेतून खाली शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकच झेपंल. एकानं वर बसायचं, एकानं खाली सेटिंगला."

सेटिंग म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा भाग, बांधून देणं, दिवसभर उभं राहून. मला ते येत नव्हतं. मी खाली गेले असते तर पुन्हा कानस. सर वर राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, मी पण. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग काय, कानस कुठं हरवली का?" तो चेष्टेनं म्हणाला. मला ते लागलं. पोरांची शाळा, खोलीचं भाडं, हे तर होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं. इतक्या लांब येऊन एक गोष्ट मला येऊ लागली होती, आणि तिला जागा उरली नव्हती.

अमेयनं काही आठवड्यांसाठी चाचणीचं लायसन घालून दिलं. आम्ही दोघं नव्या पडद्यापुढे बसलो. सगळे डबे हलले होते. गोगलगाय कुठे दिसेना. सरांना इंग्रजी येत होतं, पण त्यांचा हात सवयीनं जुन्या जागी जायचा. ते एकेक शब्द वाचायचे, मला मराठीत सांगायचे. मी ती जागा लक्षात ठेवायची. थोड्या दिवसांनी असं झालं की ते वाक्य पुरं करायच्या आधी माझं बोट तिथे असायचं. मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. हे सगळं मी कुणासाठी शिकत होते?

नावाचा अर्ज भरायच्या दिवशी सरांनी मला हाक मारली. पडद्यावर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांचं नाही, नवऱ्याचं धरून. खाली माझ्या नावाचा ई-मेल, त्यांनीच उघडलेला.

"सर, हे माझं नाव आहे."

"मला वाचता येतं."

"नाना काय म्हणतील?"

"त्यांच्याशी बोललोय. माझी किती वर्षं राहिली? माझ्या नावावर घेतलं तर मी गेल्यावर पुन्हा हाच घोळ. आणि तू कुठे जाशील?"

"मी जाते ना खाली."

"खाली मी जातो. मशीनचा आवाज मला आवडतो."

कापूस अजून त्यांच्या कानात होता. त्यांचे गुडघे दुखायचे, माळ्याचा जिना ते एकेक पायरी थांबून चढत. मुलीचा नर्सिंगचा कोर्स पुरा होईपर्यंत त्यांना काम सोडता येणार नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "हे नको. पासवर्ड काय ठेवायचा ते सांग."

पहिल्या कवचाचा प्रोग्राम मी केला. नव्या आवृत्तीत कापण्याआधी पडद्यावर सगळं चालवून बघता येतं. तिथे काही अडलं नाही. सर खाली मशीनपाशी होते, वेग कमी-जास्त करायच्या गोल नॉबवर हात ठेवून. मी काचेतून बघत होते. कटर एका खळग्यातून दुसऱ्याकडे निघाला आणि सरांनी नॉब शून्यावर आणला. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. कवच पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या पुढ्यात, बोटभर अंतरावर, कटर थांबला होता. तो शिकंजा आम्ही ड्रॉइंगमध्ये दाखवलाच नव्हता, म्हणून पडद्याला तो ठाऊक नव्हता. आणि जुन्या आवृत्तीत, जागा बदलताना कटर पूर्ण वर उचलायचा, ही सरांनी घातलेली सूचना होती. ती अपग्रेडबरोबर आली नव्हती. ती तिथे आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो, सरसुद्धा.

"घाबरू नकोस," सर म्हणाले. "म्हणूनच हळू चालवतात."

अमेय दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला, त्यानं सरांच्या शेजारी बसून ती सूचना नव्यात घातली आणि त्याचे पैसे लावले नाहीत. माल वेळेवर गेला.

आता कुणी विचारलं की ते अपग्रेड पैशाच्या मोलाचं होतं का, तर मी हो म्हणते. जाडं काम खरंच लवकर होऊ लागलं. फाईली उघडू लागल्या. पूर्वी फोन न उचलणारी दोन गिऱ्हाइकं परत आली, आणि नानांवर मशीनपुढं भजन करायची वेळ आली नाही. पण चावी द्यायची राहिली नाही, तशी शेजारी बसायचीही वेळ राहिली नाही. मी प्रोग्राम वरून तारेनं खाली पाठवायची. सर मशीनच्या लहान पडद्यावर उभ्या उभ्या वाचायचे. काही वाटलं तर वर बघून हात करायचे. नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात किती नव्या सोयी आल्या त्याची यादी होती. काय गेलं ते त्यात कुणी लिहीत नाही.

वर्ष झालं, हप्त्याची वेळ आली. नानांनी मला एकटीला बोलावलं. सरांचे गुडघे त्यांनाही दिसत होते.

"हे बघ सुनीता. हप्ता भरला तर दुसरं काय घेता येनार नाय. हप्ता सोडला तर त्या पैशात एक हलकं सॉफ्टवेअर येतं. साध्या प्लेटा, भोकं, एवढं होतं त्याच्यावर. सर पुन्हा वर बसतील. दोन्ही व्हायचं नाय. तू सांग, काय करू?"

आजवर असं काही ते सरांना विचारत आले होते. मी एक दिवस मागून घेतला.

तो दिवस मी आमच्याकडे कुठलं काम येतंय ते बघण्यात घालवला. मला दुसरं उत्तर हवं होतं, ते कुठेतरी सापडेल म्हणून बघत होते. साध्या प्लेटांचं काम फारसं उरलंच नव्हतं. सर वर बसले असते तर निम्मा दिवस हात चोळत बसले असते, आणि ते त्यांना खालच्या उभं राहण्यापेक्षा जड गेलं असतं. पुण्याचं गिऱ्हाईक दरवर्षी आवृत्ती बदलत होतं. हप्ता थांबवला तर थोड्याच काळात फाईली उघडेनाशा झाल्या असत्या आणि आम्ही होतो तिथेच आलो असतो. माझ्याच लायसनचा हप्ता भरा, असं मला सांगायचं होतं. ज्यांनी ते माझ्या नावावर केलं त्यांना आणखी उभं ठेवून.

सकाळी मी नानांना म्हटलं, "हप्ता भरा."

"सरांना विचारलंस?"

"नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि अमेयला फोन लावला.

हे सरांच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये म्हणून मी लगेच खाली गेले. ते मशीनच्या टेबलावर वाकून जॉब सरळ बांधला गेलाय का ते तपासत होते. मशीन बंद होतं, तरी मी जरा मोठ्यानं बोलले.

"सर, नाना तुम्हाला वर बसवायला एक हलकं सॉफ्टवेअर घेणार होते. मी हप्ता भरायला सांगितलं."

"म्हणजे दुसरं घेणार नाहीत."

"नाही."

त्यांनी कानातला कापूस काढून खिशात ठेवला.

"मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं, सर."

त्यांनी हात फडक्याला पुसले आणि टेबलाचा आधार घेऊन सरळ उभे राहिले. मी पुढे झाले नाही. आधार दिलेला त्यांना आवडत नसे.

"बरं," ते म्हणाले. "आज कुठला जॉब लावायचा?"